नदीकाठचं कुरण

एस्टोनियाच्या दक्षिणेला, व्होरू शहरापासून काही कोसांवर, एक शेतकरी कुटुंब राहत होतं. आई, दोन मुलगे आणि दोन सुना. वडील नुकतेच वारले होते. जमीन ४२ हेक्टर होती. तिच्यात राय नावाचं गव्हासारखं धान्य पिकायचं, बटाटे आणि जवस पिकायचं. गोठ्यात गाई होत्या. ही जमीन आजोबांनी जर्मन जहागीरदाराकडून हप्त्यांनी विकत घेतली होती. सगळे हप्ते फेडायला त्यांना जन्म पुरला नाही. शेवटचे काही वडिलांनी फेडले.

त्या मुलखात जमिनीचे तुकडे करायची रीत नव्हती. शेत एका मुलाकडे जायचं आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे मिळायचे. तसंच इथंही झालं. शेत थोरल्याकडे आलं आणि धाकट्याला पैसे द्यायचे ठरले. पण नदीकाठी चार हेक्टरांचं एक कुरण होतं. पुराच्या गाळानं तिथलं गवत कमरेएवढं वाढायचं. वडील आजारात एकदा धाकट्याला म्हणाले होते, "कुरण तू घे." तेव्हा खोलीत ते दोघंच होते.

थोरला म्हणाला, "मला बाबा तसं काही बोलले नाहीत. कागदातही नाही."

धाकटा म्हणाला, "म्हणजे मी खोटं बोलतो?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. जेवायला एकाच टेबलाशी बसत, मीठ मात्र आईकडून मागत. आईला वाटत होतं, धाकटा खरं बोलतोय. पण ती घाई करत नव्हती. त्या देशातला हिवाळा लांब असतो. बर्फ पडलं की माणसाला माणूस लागतं. एक-दोन हिवाळे गेले की निवळेल, असं ती सुनांना सांगे. गावात अशी भांडणं पुष्कळ झाली होती आणि बहुतेक अशीच निवळली होती.

या घराला तेवढे हिवाळे मिळाले नाहीत.

१७ जून १९४० रोजी सोव्हिएत रणगाडे देशात शिरले. ऑगस्टमध्ये एस्टोनिया सोव्हिएत संघाचा भाग झाल्याचं जाहीर झालं. जमीन सरकारची झाली. एका कुटुंबाकडे ३० हेक्टरांहून जास्त ठेवायची नाही आणि वरची जमीन भूमिहीनांना वाटायची, असा हुकूम निघाला. ग्रामकचेरीत जमीन समिती बसली. धाकट्याच्या नावावर जमीन नव्हती, म्हणजे तो भूमिहीनच होता. त्यानं अर्ज केला. अर्जात लिहिलं की हे कुरण वडिलांनी मला दिलं होतं. त्याला कुरण मिळालं, शेजारची आठ हेक्टरही मिळाली आणि समितीत एक खुर्ची मिळाली.

शिक्क्याचा कागद घेऊन तो घरी आला आणि त्यानं तो टेबलावर ठेवला. थोरला उठून गोठ्यात गेला. आई म्हणाली, "कुरण तुझंच होतं, असं मलाही वाटत होतं. पण ते यांच्या हातून का घेतलंस?"

"दादानं दिलं असतं का?"

"आज नसतं दिलं," आई म्हणाली.

धाकट्यानं कुरणाच्या कडेला लाकडाचं छोटं घर बांधलं आणि बायकोला घेऊन तो तिकडे राहायला गेला.

पुढच्या वर्षी १४ जूनच्या पहाटे गावात मालमोटारी आल्या. त्या दिवसांत देशभरातून सुमारे दहा हजार माणसं उचलली गेली. स्टेशनवर पुरुषांना एका बाजूच्या डब्यांत घातलं आणि बायकामुलांना दुसऱ्या. पुरुष छावण्यांत गेले, बायकामुलं सैबेरियाकडे. थोरल्याचे सासरे पूर्वी गावचे प्रमुख होते, म्हणून त्यांचं नाव यादीत होतं. ते परत आले नाहीत. उरलच्या एका छावणीत पहिल्याच हिवाळ्यात ते गेल्याचं पुढे कळलं.

थोरल्याची बायको त्या रात्री चुलीपुढे बसून म्हणाली, "त्यांचं नाव कुणी दिलं असेल?" आणि तिनं खिडकीतून कुरणाकडे पाहिलं. खरं तर ती यादी वर, शहरात तयार झाली होती. गावच्या जमीन समितीला कुणी विचारलंही नव्हतं. पण धाकटा त्यांच्या टेबलाशी बसत होता, एवढं थोरल्याला पुरेसं वाटलं. कुरणावरच्या घरापर्यंत चालत जाऊन विचारायला पाव तास लागला असता. तो गेला नाही.

तीन आठवड्यांत जर्मन आले. लोकांनी फुलं घेऊन त्यांचं स्वागत केलं, कारण मालमोटारींची ती पहाट सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. गावोगाव गृहरक्षक दलं उभी राहिली. थोरला दंडावर पांढरी पट्टी बांधून त्यात गेला. वाटलेल्या जमिनी जुन्या मालकांकडे परत यायला लागल्या. कचेरीत तेच टेबल होतं. त्यामागचा माणूस बदलला होता. त्यालाही नावंच हवी होती.

थोरला कुरण परत मागायला गेला. टेबलामागच्या माणसानं विचारलं, "सध्या ते कुणाकडे आहे?"

थोरला म्हणाला, "माझ्या भावाकडे. तो त्यांच्या जमीन समितीत बसत होता."

वाक्य खरं होतं. त्याच रात्री धाकट्याला घरातून उचललं.

त्या वर्षी काय काय होत होतं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बोल्शेविकांना मदत केल्याच्या आरोपावरून हजारो माणसं तुरुंगात गेली आणि त्यांतली हजारो गोळ्या घालून मारली गेली. देशात मागे राहिलेले ज्यू सुमारे एक हजार होते. वर्ष संपायच्या आत त्यांतले जवळजवळ सगळे मारले गेले. दोघा भावांच्या लग्नाचे कोट शिवणारा शहरातला ज्यू शिंपीही त्यात गेला. या घरात त्याच्याबद्दल कुणी कुणाला विचारलं नाही. घरातल्या भांडणानं या माणसांचे कान भरले होते. मला या कथेतली ही गोष्टही लहान वाटत नाही.

धाकटा वाचला, तो आईमुळे. काळी भाकर आणि धुरावलेलं मांस फडक्यात बांधून ती तुरुंगापर्यंत चालत जायची. फाटकावरचा पहारेकरी विचारायचा, "त्या बोल्शेविकाची तू कोण?"

"तो माझा मुलगा आहे," ती म्हणायची.

एकदा तिथल्या कारकुनानं तिला सांगितलं की गृहरक्षक दलातला कुणी जामीन राहिला तर सुटका होऊ शकेल. ती घरी आली आणि कागद थोरल्यापुढे ठेवून उभी राहिली. थोरला जेवत होता. तो जेवून उठेपर्यंत ती उभी राहिली. सकाळी तो न्याहारीला बसला तेव्हाही ती कागद घेऊन उभी होती. त्यानं सही केली. १९४३ च्या वसंतात धाकटा सुटून आला. समोरचे दात पडले होते आणि डावा हात वर होत नव्हता. कुरण तेव्हा थोरल्याकडे होतं. धाकट्याला त्या छोट्या घरात राहायची मुभा मिळाली, ती आईनं मिळवली होती.

१९४४ च्या सुरुवातीला जर्मनांनी सक्तीची भरती काढली आणि थोरल्याला फौजेत नेलं. ऑगस्टमध्ये सोव्हिएत सैन्य परत व्होरूत आलं. त्या शरदात हजारो लोक मिळेल त्या होडीनं समुद्रापार स्वीडनकडे पळाले. समुद्रापर्यंत पोचू न शकलेले पुष्कळ जण रानात गेले. लोक त्यांना रानातले भाऊ म्हणत. थोरला त्यांच्यात गेला. सरकारी कागदांत त्यांना डाकू म्हणत.

कचेरीतलं टेबल पुन्हा फिरलं. जर्मनांच्या तुरुंगातून आलेला माणूस म्हणून धाकट्याला बोलावून घेतलं, ग्राम सोव्हिएतमध्ये बसवलं आणि कुरण पुन्हा त्याच्या नावावर केलं. भरायला एक छापील कागद दिला. त्यात नातेवाइकांचा रकाना होता. भाऊ या शब्दापुढे त्यानं लिहिलं, 'युद्धात बेपत्ता.' गावात अर्ध्या लोकांचं आडनाव एकच होतं आणि अधिकारी बाहेरून आलेले होते. ते खपून गेलं. गावातलं कुणी काही बोललं नाही.

जुन्या घरात आता आई, थोरल्याची बायको आणि तिचा लहान मुलगा राहत होते. रानाची झडती घ्यायला आलेले शिपाई आईला विचारत, "तो डाकू तुझा कोण?"

"माझा मुलगा आहे."

"कुठे आहे?"

"मुलगा मोठा झाला की कुठे जातो ते आईला सांगत नाही."

१९४६ च्या हिवाळ्यातली गोष्ट. धाकटा सकाळी कुरणातल्या गवताच्या कोठारात गेला तेव्हा बर्फात पावलं उमटलेली होती. रानातून कोठारापर्यंत आणि कोठारातून परत रानात. आत गवतात माणूस झोपल्याचा खळगा होता. पावलं कुणाची ते त्यानं ओळखलं. थोरला उजवा पाय थोडा बाहेर टाकत चालायचा. धाकट्यानं घोडा जुंपला आणि बर्फगाडी त्या पावलांवरून रानाच्या कडेपर्यंत नेली, पुन्हा माघारी आणली. गाडीत सरपण घातलं, म्हणजे कुणी पाहिलं तर सरपण आणायला गेला होता असं दिसावं. त्या हिवाळ्यात त्यानं हे अनेकदा केलं. कोठाराला कुलूप घालायचं बंद केलं. गवतात कधी भाकर राहिलेली असे, कधी तंबाखू. दोघं एकदाही समोर आले नाहीत. बोलणं बंद होतं, तसंच राहिलं.

मग १९४९ चा मार्च आला. स्टेशनांवर गुरांचे रिकामे डबे येऊन उभे राहिले. लोक ते पाहत होते आणि आपसांत कमी बोलत होते. २४ तारखेला दुपारी धाकट्याला निरोप आला, संध्याकाळी कचेरीत ये, रात्रभराचं काम आहे. निरोप ऐकूनच त्याला कळलं. तो बायकोला म्हणाला, "वहिनीची चाळणी आपल्याकडे आहे ना? ती आत्ताच्या आत्ता परत देऊन ये."

चाळणी पोचली आणि निरोपही पोचला. थोरल्याची बायको मुलाला घेऊन अंधार पडताच बाहेर पडली. आई गेली नाही. ती म्हणाली, "गाईंना टाकून कशी येऊ? शिवाय घर रिकामं सापडलं तर ते शोधत सुटतील. एक माणूस सापडलं की त्यांचा कागद भरतो." तिनं कणीक भिजवली आणि ती भाकरी भाजत बसली.

रात्री मालमोटार निघाली. एक रशियन अधिकारी, तीन शिपाई, एक दुभाष्या आणि घरं दाखवायला धाकटा. यादीतलं तिसरं घर त्याचं स्वतःचं जुनं घर होतं.

आईनं दार उघडलं. अंगात हिवाळी कोट होता आणि हातात बोचकं तयार होतं. अधिकाऱ्यानं घर धुंडाळलं. सून आणि नातू कुठे गेले ते विचारलं. ती म्हणाली, शहरात गेलेत, केव्हा येतील माहीत नाही. अधिकारी चिडला. पण रात्र थोडी होती आणि यादी लांब होती. त्यानं कंदील वर धरला आणि धाकट्याला विचारलं, "ही त्या डाकूची आई का?"

धाकटा म्हणाला, "होय."

अधिकाऱ्यानं कागदावर खूण केली. मग रिवाज म्हणून तिला विचारलं, "आणखी मुलं आहेत?"

आईनं धाकट्याकडे पाहिलं. म्हणाली, "नाही. एवढाच एक."

धाकट्यानं तिचं बोचकं उचलून गाडीत ठेवलं. तिला वर चढायला हात दिला. तेवढंच करणं त्याला जमलं. पुढच्या घराची वाट त्यानंच दाखवली.

त्या चार दिवसांत एस्टोनियातून वीस हजारांवर माणसं नेली गेली. लाटविया आणि लिथुआनिया धरून तिन्ही देशांतून नव्वद हजारांवर. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. मागे राहिलेल्यांना समजायचं ते समजलं. महिन्याभरात देशातल्या निम्म्याहून जास्त शेतकऱ्यांनी आपली शेतं सामुदायिक शेतीत घातली. कुरण ज्या कागदावर धाकट्याचं होतं, तो कागद रद्द झाला. त्यानं एका शब्दानंही तक्रार केली नाही.

मे महिन्यात एका रात्री तो कोठाराकडे गेला. थोरला आत गवतावर बसला होता. मांडीवर बंदूक होती. दाढी पांढरी झाली होती.

थोरला म्हणाला, "आईला गाडीत तू बसवलंस?"

"हो. त्यानं विचारलं, डाकूची आई का. मी होय म्हणालो."

"तुझी ती कोण, ते नाही विचारलं?"

"नाही. आणि मीही सांगितलं नाही."

बराच वेळ दोघं गप्प होते. थोरल्यानं बंदूक मांडीवरून काढून बाजूला ठेवली. म्हणाला, "मलाही कुणी विचारलं नव्हतं, की तो तुझा कोण. मी आपणहून सांगितलं, भाऊ आहे म्हणून. तरी नाव दिलंच."

"मी समितीत बसतच होतो."

"हो. आणि ती माझी आईच होती."

थोड्या वेळानं थोरल्यानं विचारलं, "सासऱ्यांचं नाव तू दिलंस?"

"नाही."

"आठ वर्षं मला वाटत होतं, तूच दिलंस."

"मला विचारायचंस, दादा."

"तू तरी माझ्याकडे कुरण मागायचंस."

"मागितलं होतं."

"पुन्हा मागायचंस," थोरला म्हणाला. "दहांदा मागायचंस. मी वैतागून दिलं असतं."

धाकटा रडायला लागला. थोरल्यानं त्याला भाकर मोडून दिली. भाकर धाकट्यानंच आणलेली होती. पहाटेपर्यंत दोघं बोलत राहिले, वडिलांबद्दल, गाईंबद्दल, लहानपणी नदीत हरवलेल्या एका बुटाबद्दल. निघताना थोरल्यानं विचारलं, "यंदा गवत कोण कापणार?"

"सामुदायिक शेतीची टोळी."

"वेळेवर कापतील का?"

"नाही कापणार," धाकटा म्हणाला. दोघांनाही त्याचं वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी शरदात शिपायांनी रानातलं एक भुयार घेरलं. आतली तीन माणसं मेली. त्या काळात अशी प्रेतं कचेरीच्या अंगणात आणून टाकायची पद्धत होती. गावकऱ्यांना एकेक करून त्यांच्यासमोरून न्यायचे आणि कुणाचा चेहरा हलतो ते पाहायचे. ज्याचा चेहरा हलेल, त्याच्या घरावर संकट यायचं. लोक दगडासारखे चेहरे करून चालत जायचे. सख्ख्या आया तशा चालत गेल्या आहेत.

धाकटाही रांगेत होता. तो मधल्या प्रेतापाशी थांबला. अधिकाऱ्यानं विचारलं, "ओळखतोस?"

"हा माझा भाऊ," धाकटा म्हणाला.

अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं, कारण कागदावर तसं नव्हतं.

"माझा सख्खा भाऊ. थोरला," धाकटा म्हणाला. "गेल्या वर्षी मार्चमध्ये आपण जिला नेलंत, ती आमची आई."

त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. उत्तरेकडच्या व्होर्कुताच्या कोळसा खाणीत त्यानं ती काढली. ५ मार्च १९५३ रोजी स्टालिन मेला आणि हळूहळू दारं उघडू लागली. धाकटा १९५६ मध्ये परत आला. पुढच्या वर्षी नोवोसिबिर्स्क प्रांतातून आई आली. त्र्याहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली, पण आपल्या पायांनी चालत. जुन्या घरात सामुदायिक शेतीची कचेरी होती. मायलेक, धाकट्याची बायको आणि त्याची मुलगी, चौघं जण अंगणातल्या न्हाणीघरात राहू लागले. लाकडाची एकच खोली होती, धुरानं काळी झालेली.

पहिल्याच रात्री धाकटा म्हणाला, "आई, त्या रात्री तो म्हणाला डाकूची आई, आणि मी होय म्हणालो. माझीही आई आहे, असं म्हणालो नाही."

आई म्हणाली, "मी तरी कुठे म्हणाले, हा माझा आहे म्हणून?"

"तुझं वेगळं होतं."

"हो, वेगळं होतं," आई म्हणाली. तिनं त्याला खोटा दिलासा दिला नाही. मग विचारलं, "दादाला ओळख दिलीस म्हणे. कुणी सांगितलं होतं द्यायला?"

"कुणीच नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. पुढे ती आणखी नऊ वर्षं जगली. हा विषय तिनं पुन्हा काढला नाही. पण एक बदल झाला. पूर्वी ती दोघांच्या भांडणात बोलत नसे, निवळायची वाट पाहत असे. आता घरात कुणाचं कुणाशी बिनसलं, तर ती दोघांना समोरासमोर बसवायची आणि त्यांचं बोलून होईपर्यंत चूल पेटवायची नाही.

थोरल्याच्या बायकोनं मुलाला उत्तरेकडच्या खाणींच्या गावात वाढवलं. तिथं कामाला माणसं हवी होती, फार चौकशा होत नसत. मुलगा मोठा झाला, इलेक्ट्रिशियन झाला. सुट्टीत तो आजीकडे यायचा. काकाशी तो आधी जपून बोलायचा, मग मोकळेपणानं. कोठारातल्या त्या रात्रीची हकीकत काकानं त्याला स्वतः सांगितली. काहीही गाळलं नाही.

२० ऑगस्ट १९९१ रोजी एस्टोनियानं आपलं स्वातंत्र्य पुन्हा मिळाल्याचं जाहीर केलं. जमिनी परत करायचा कायदा झाला. १६ जून १९४० रोजी, म्हणजे रणगाडे शिरायच्या आदल्या दिवशी, जमीन ज्याची होती, त्याच्या वारसांना ती मिळणार होती. कायद्यानं सगळं शेत थोरल्याच्या मुलाचं झालं. कुरणसुद्धा.

धाकट्याची मुलगी त्याच्याकडे आली. म्हणाली, "कुरण आजोबांनी माझ्या बाबांना दिलं होतं."

तो म्हणाला, "कागदात तसं नाही."

दोघांचं चांगलंच वाजलं. ती दार आपटून गेली. काका तेव्हा ऐंशीचा होता. तो कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होता आणि एक शब्द बोलला नाही. गावात लोक सांगू लागले, वकील गाठ, नव्या सरकारात अमुक ओळखीचा आहे, तिच्या बापानं सोव्हिएतच्या खुर्चीत बसून काय केलं ते लेखी दे, म्हणजे प्रश्नच मिटेल. थोरल्याचा मुलगा म्हणाला, "ते आम्ही घरात बघू." नाताळात ती परत आली आणि तिनं कुरण पुन्हा मागितलं. त्यानं पुन्हा नाही म्हटलं. ती जेवून गेली. उन्हाळ्यात आली आणि पुन्हा मागितलं.

भाऊबंदकी आपल्याला काही नवी नाही. बांधावरून, विहिरीवरून, एका झाडाच्या सावलीवरून बोलणं टाकलेली घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत. या भावांचं भांडण त्याहून मोठं नव्हतं. पण त्या टेबलामागे जो कुणी बसला होता, त्याला याच भांडणाची गरज होती. बाहेरून आलेल्या माणसाला घरांची वाट माहीत नसते, ती घरातल्यानंच दाखवावी लागते. दोघा भावांनी एकमेकांविरुद्ध खोटं काहीच सांगितलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वडिलांनी कुरण दिलं होतं, हे खरं. तो समितीत बसत होता, हे खरं. ती डाकूची आई होती, हेही खरं. पण हे ऐकणाऱ्याच्या हातात बंदूक होती, आणि ज्याला ऐकवायचं होतं तो पाव तासाच्या वाटेवर राहत होता. आई मात्र धाकट्याला वाचवायला खोटं बोलली. धाकट्याच्या त्या 'होय'ला मी दगाच म्हणतो. त्यानं पावलांवरून बर्फगाडी फिरवली, चाळणीबरोबर निरोप पाठवला, तरी तो दगाच. आणि कचेरीच्या अंगणात कुणी भाग पाडलं नसताना त्यानं दिलेली ओळख, तिला निष्ठा म्हणतो. एकाच माणसाच्या हातून दोन्ही झालं. एकानं दुसरं पुसलं जात नाही, हे त्याच्या आईला कळत होतं, म्हणूनच तिनं दोन्ही नीट ऐकून घेतलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात थोरल्याच्या मुलानं कुरण बहिणीच्या नावावर करून दिलं. तिनं त्याची वाजवी किंमत देऊ केली. त्यानं ती घेतली.